माघ-फाल्गुनांतील घर आणि आमचें ललितवाङ्मय

बऱ्याच वर्षांपूर्वीं एका संस्थेनें भरविलेल्या निबंधस्पर्धेच्या परीक्षकांत आमची योजना झाली होती. आलेल्या निबंधांत एका गृहिणीचा निबंध होता. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत आपल्या घरांत आणि अंगणांत जें जें घडलें तें तिनें त्यांत क्रमानें लिहिलें होतें. आम्ही तो एका बैठकींत वाचला, मनांतल्या मनांत थोडे सुखावलोंही, आणि मग परीक्षकाच्या आसनाची आठवण होऊन समासांत शेरा मारला : "निरीक्षण बरें आहे, पण विषय क्षुद्र. यांत घडतें काय?" निबंध बाजूला पडला. ज्यास पहिलें बक्षीस मिळालें त्या निबंधाचा विषय वसंतागमन हा होता, आणि त्यांत मलयवायूपासून मदनाच्या पुष्पबाणांपर्यंत सर्व साहित्य वेळेवर हजर होतें.

यंदा पायाच्या दुखण्यामुळें रथसप्तमीपासून पाडव्यापर्यंतचे जवळजवळ दोन महिने आम्हांस घरच्या पडवींत एका खुर्चीवर काढावे लागले. वाचून डोळे थकले कीं ते अंगणाकडे वळत. आणि अंगणांत रोज कांहीं ना कांहीं असें दिसे कीं, तें पूर्वीं कोठें तरी वाचल्याचें आठवे. तें बक्षीस मिळालेल्या निबंधांत वाचलेलें नव्हतें, बाजूला टाकलेल्या निबंधांत वाचलेलें होतें. तेव्हां आपल्या त्या शेऱ्याची फेरतपासणी करावी असें वाटूं लागलें. हा लेख त्याचेंच फळ होय.

आमचें पहिलें म्हणणें असें कीं, आमच्या ललितवाङ्मयांतील वसंत हा बहुतांशीं ऐकीव वसंत आहे. बालकवि ठोंबरे (१८९०–१९१८) यांची 'श्रावणमासी' ही कविता लहान मुलांनाही पाठ असते. ती पाठ होते याचें एक कारण हें कीं, तिच्यांतला श्रावण मुलांनीं शाळेंतून येतांना पाहिलेला असतो. आमच्या वसंताला असे साक्षीदार फार थोडे. 'ऋतुसंहारा'ची रचना सहा सर्गांची. ग्रीष्मापासून आरंभ करून कालिदास अखेरीस वसंतापाशीं येऊन थांबतो. त्यास दोष देण्याचें कांहीं कारण नाहीं. त्यानें ऋतु पाहून लिहिलें. त्याच्या मागून येणाऱ्यांनीं त्याचें लिहिलेलें पाहून लिहिलें. संकेत हा असाच जन्मास येतो, आणि एकदां आला कीं डोळ्यांची जागा घेतो.

दोन-तीन उदाहरणें पाहावीं. तरुणीच्या पायाचा आघात झाला कीं अशोक फुलतो, हा संस्कृत काव्यांतला दोहदाचा संकेत प्रसिद्ध आहे. त्यांतला अशोक म्हणजे सीतेचा अशोक. त्याचे केशरी-तांबडे घोस जुन्या फांद्यांवर थेट येतात, आणि तो फुलतोही याच दिवसांत. पण आमच्या शाळा-कचेऱ्यांच्या आवारांत अशोक म्हणून जो उंच, सरळ वृक्ष उभा असतो तो आसुपालव. त्याचीं फुलें फिकट हिरवीं, तारकांच्या आकाराचीं आणि पानांत शोधावीं लागणारीं. असे असतां त्याच झाडाकडे तोंड करून तांबड्या अशोकाचें वर्णन लिहिणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. कोकिळेची गोष्टही तशीच. आमच्या कवितेंत ती नेहमीं गाणारी स्त्री असते. वस्तुतः गातो तो नर. तो काळाभोर असतो. मादी तपकिरी, अंगावर ठिपके असलेली, आणि तिचा आवाज तुटक व कर्कश. मलयवायूविषयीं तर बोलावयासच नको. दक्षिणेकडचा तो शीतल, चंदनगंधी वारा फाल्गुनांतल्या दुपारीं देशावर कोणी अनुभविला असेल तर त्यानें पुढें यावें. आमच्या अंगणांत त्या वेळीं वावटळ येते, वाळलेलीं पानें गरगर फिरवते आणि दोरीवरचें धोतर शेजाऱ्याच्या कुंपणावर नेऊन टाकते.

कवींपेक्षां पंचांगकर्त्यांनीं या बाबतींत अधिक डोळसपणा दाखविला असें म्हणावें लागतें. शास्त्राप्रमाणें माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत. तरीही वसंतपंचमी पंचांगांत माघ शुद्ध पंचमीसच येते, म्हणजे भर शिशिरांत. आणि फाल्गुन वद्य प्रतिपदेस, धूळवडीच्या दिवशीं, 'वसंतोत्सवारंभ' या शब्दाशेजारीं 'आम्रकुसुमप्राशन' असा एक शब्द छापलेला असतो. आंब्याचा मोहोर चंदनाशीं मिसळून खावा, असा तो विधि. आज तो पाळणारीं घरें विरळा. परंतु ज्या कोणा पूर्वजानें तो घालून दिला त्यास ऋतु हा केवळ वर्णावयाचा नसतो, तो जिभेवरही घ्यावयाचा असतो, हें उमगलें होतें. तुरट, किंचित् कडवट अशी ती चव एकदां घेतलेला मनुष्य मोहोराविषयीं खोटें लिहूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

संस्कृताचा संकेत ओसरूं लागला तों इंग्रजी शिक्षणाबरोबर दुसरा एक संकेत आला. तिकडे पानें शरदांत गळतात, मग हिमाच्छादित उजाड महिने जातात, आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर पालवी फुटते. मृत्यु आणि पुनर्जन्म यांच्यामध्यें असें लांबरुंद अंतर असल्यामुळें तिकडच्या कवींनीं पानगळीवर विलाप करावा आणि पालवीवर स्तोत्रें गावीं हें यथायोग्यच आहे. आमच्या लेखकांनीं तो विलाप जसाच्या तसा उचलला. आमच्याकडील झाडें थंडीनें पानें टाकीत नाहींत. जमिनींतली ओल आटूं लागली कीं पानांवाटे उडून जाणारें पाणी वांचविण्यासाठीं तीं तीं टाकतात. पळस, पांगारा, सांवर हीं तर पानें टाकूनच फुलतात. पिंपळाचें पाहावें : एका फांदीवरून पिवळें पान गळत असतें तेव्हां शेजारच्या फांदीवर तांबूस, तकतकीत पालवी हालत असते. पावसाला तीन महिने अवकाश असतां, खालची जमीन भेगाळत असतां, ही पालवी येते. जाणें आणि येणें एकाच आठवड्यांत, एकाच झाडावर चालणारा हा ऋतु आहे. त्यांत शोकाला वेळ नाहीं आणि जल्लोषालाही नाहीं. या वृत्तीला शोभेल असा सूर आमच्या सुशिक्षित कवितेला क्वचितच सांपडला.

मग तो मराठींत कोठेंच नाहीं काय? आहे, परंतु ज्या ओसरीवर आम्ही टीकाकार बसतों तेथून तो ऐकूं येत नाहीं. महाराष्ट्री प्राकृतांतील 'गाथासप्तशती' ही हाल सातवाहनाच्या नांवाशीं निगडित असलेली सुमारें सातशें गाथांची संहिता पाहावी. तींत राजवाडे थोडे आणि शेतें, कुडाचीं घरें, गोदावरीचा कांठ, थंडींतलीं अपुरीं पांघरुणें, फाल्गुनांतला चिखलफेकीचा सण यांचीच दाटी. पुढें हीच दृष्टि जात्यावरच्या ओव्यांत उतरली. सानेगुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या नांवानें त्या ओव्यांचा संग्रह केला तेव्हां अनेकांस प्रथमच कळलें कीं, आपल्या घरांत पहांटे जें गुणगुणलें जाई तें वाङ्मय होतें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊं लागलीं. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून स्वतःच्या फजितीपर्यंत घरांतलें सर्व त्यांनीं अशा मोकळेपणानें सांगितलें आहे कीं, विषय थोर आहे कीं लहान हा प्रश्न वाचतांना मनाला शिवतही नाहीं. आणि बहिणाबाई चौधरी? त्या निरक्षर होत्या. घरोटें, चूल, पेरणी, मळणी हेच त्यांचे विषय. त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं तीं १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षीं. मुलानें तीं लिहून ठेवलीं नसतीं तर काय झालें असतें याचा विचार करतांना आम्हांस आमचा तो शेरा आठवतो, आणि खुर्चींत नीट बसवत नाहीं.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'चा (१९५६) उल्लेख येथें केलाच पाहिजे. बारा महिने बारा निबंधांत त्यांनीं अशा डोळ्यांनीं पाहिले कीं, त्यानंतर तरी वसंताविषयीं ऐकीव लिहिण्याची कोणास लाज वाटावी. झाडांचे रंग, पालवीच्या छटा, फुलण्याच्या वेळा यांविषयीं मराठी गद्यास त्यांनीं एक नवा प्रामाणिकपणा शिकविला. मात्र त्यांची दृष्टि मुख्यतः झाडांवर, पांखरांवर आणि आकाशावर. घराच्या उंबऱ्याच्या आंतला ऋतु, म्हणजे चुलीपाशीं, माजघरांत, मोरीजवळच्या चार झाडांत जो बदल होतो तो, लिहिणाऱ्याची वाट पाहात राहिला.

त्याची जागा लघुनिबंधानें घ्यावयास हवी होती, असें कोणी म्हणेल. ना. सी. फडके यांच्या 'गुजगोष्टी', अनंत काणेकरांचीं 'पिकलीं पानें' (१९३४) यांनीं घरगुती विषयांस प्रतिष्ठा मिळवून दिली हें खरेंच, आणि त्या ऋणाचा आम्हांस विसर पडलेला नाहीं. परंतु त्यांच्या अनुकरणांतून जी रीति पडली तिच्यांत घर ही खुंटी झाली. लेखक एखादी मोडकी खुर्ची किंवा हरवलेली छत्री उचलतो, तिच्यावर आपला एक चमत्कारिक विचार टांगतो, आणि दोन पानांनीं जीवनाविषयीं एक सिद्धांत हातीं देऊन आपणांस निरोप देतो. छत्री कशी होती हें शेवटपर्यंत कळत नाहीं. ज्या गृहिणीच्या निबंधाविषयीं आम्ही बोलत आहों त्यांत सिद्धांत एकही नव्हता. त्या वेळीं आम्हीं तें वैगुण्य मानलें.

आतां त्या निबंधाच्या विषयाकडे येऊं. माघ-फाल्गुनांत घरांत घडतें तरी काय?

प्रथम ऊन बदलतें. पुण्यासारख्या ठिकाणीं फेब्रुवारींत पहांटे पारा १२-१३ अंशांवर असतो, आणि त्याच दिवशीं दुपारीं ३२ अंशांच्या घरांत जातो. जवळजवळ वीस अंशांच्या या अंतरांत एकच घर दोन ऋतु नांदवितें : सकाळीं बंबाभोंवतीं मुलें हात शेकीत बसतात, दुपारीं तींच ताकाला पाणी घालून मागतात. रथसप्तमीस तुळशीपुढें गोवऱ्यांवर ठेवलेलें दूध सूर्याकडे उतूं जातें तें अजून थंडीच्या राज्यांत. "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणेपर्यंत मात्र गोधड्या धुऊन, उन्हांत कडक वाळवून पेटींत गेलेल्या असतात. गोधडीची घडी घालतांना तिच्यांतून जो उन्हाचा वास येतो तो आम्हीं लहानपणीं घेतला होता. मध्यंतरीं पन्नास वर्षें विसरलों होतों.

परसांत हिंवाळी भाज्या थकतात. पण थकण्याचीही त्यांची एक शोभा असते. कोथिंबीर फुलावर येऊन तिच्यावर पांढऱ्या नाजूक छत्र्या उभ्या राहतात. मुळा जून होतो, त्याला फुलें येतात, आणि मग येतात त्या डिंगऱ्या. जो मुळा उपटून खाण्याचें राहून गेलें त्याचीच ही दुसरी भाजी, जणूं विसराळूपणाचें बक्षीस. शेंवगा फुलतो. मोगऱ्याची कहाणी याच्या उलट. त्याला पौष-माघांत पाणी तोडतात, छाटतात, बुडाशीं उकरून खत घालतात, आणि मग पाणी देऊं लागतात. तेव्हां कोठें चैत्रांत ओंजळभर कळ्या मिळतात. यंदा आमच्या दारच्या मोगऱ्याला पहिली कळी धरली ती कोणाच्याही आधीं आम्हीं पाहिली, हा आमच्या पंगुपणाचा एकमेव लाभ. दुपारीं तांबट पक्ष्याचें ठोके घातल्यासारखें एकसुरी ओरडणें सुरू होतें. पहांटे दयाळ गाऊं लागतो. आणि आभाळ आलें कीं घरांतलीं जुनीं माणसें वर पाहून म्हणतात, "आतां मोहोर जातो." ढगाळ, दमट हवेंत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी पडते हें शास्त्र त्यांस ठाऊक असो वा नसो, निदान चुकत नाहीं.

हीं सुखें खरोखरच साधीं आहेत. तीं विकत मिळत नाहींत आणि ज्यांच्या वांट्यास अंगण राहिलेलें नाहीं त्यांसही तीं सर्वस्वीं दुर्मिळ नाहींत. सज्ज्यांतल्या चार कुंड्यांत मोगरा येतो, आणि नव्या माठाचें पहिलें पाणी, त्यांत वाळ्याची जुडी, हें तर कोणत्याही मजल्यावर साधतें. इथपर्यंत आमच्या जुन्या परीक्षकासही फारशी हरकत घेतां येणार नाहीं. "सुंदर आहे, पण पुढें काय?" एवढेंच तो विचारील.

पुढें जें आहे तें आम्हांस खुर्चीवर बसूनच दिसलें. फाल्गुन लागला तसा घरांत वाळवणांचा प्रपंच मांडला गेला. कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज त्यांचें पाणी बदलावयाचें. मग ते वाटून, पिळून चीक काढावयाचा. तो रात्रभर निवळूं द्यावयाचा. पहांटे वरचें पाणी ओतून टाकून, आधणांत चीक घालून, गुठळी होऊं न देतां घाटीत राहावयाचें. आणि गरम आहे तोंवरच सोऱ्यांतून पाडावयाचा, कारण निवाला कीं तो उतरत नाहीं. हें सर्व ऊन वर येण्यापूर्वीं झालें तर एका दिवसाचें ऊन पदरांत पडतें. आमच्या पुढ्यांत बशींत दूध घातलेला चीक आला; आम्हीं तो खाल्ला; आणि बशी परत देतांना देणारीच्या हाताकडे सहज लक्ष गेलें. तळहात लाल झाले होते.

त्याच क्षणीं त्या निबंधांतला एक भाग आम्हांस लख्ख आठवला. तिनें लिहिलें होतें कीं, त्या वर्षीं कोकिळ पहिल्यांदा कोणत्या दिवशीं ओरडला हें तिला सांगतां येत नाहीं. कारण त्या पहांटे ती चीक घाटीत होती, आणि आवाज कानीं पडला तेव्हां तो केव्हांपासून चालूं आहे हें तिला कळलें नाहीं. हात थांबविला असता तर गुठळी झाली असती. हें तिनें तक्रार म्हणून लिहिलें नव्हतें. पुढच्याच ओळींत मुलें काठी घेऊन कावळे हांकीत बसल्याची मौज होती. आम्हीं ती मौज वाचली, आणि कोकिळ व गुठळी यांच्यामध्यें जो सबंध एक जन्म उभा होता तो ओलांडून पुढें गेलों. वसंतागमनावरच्या बक्षीसपात्र निबंधांतील कोकिळ पानभर गात होता. ऐकणाऱ्याला दुसरें कांहीं काम नव्हतें.

"यांत घडतें काय?" या आमच्या प्रश्नाचें उत्तर त्या निबंधांतच होतें. घडत होतें तें काम. आणि कामाला आम्ही घटना मानीत नव्हतों. पडवींत बसणाऱ्यास ऋतु हा देखावा असतो. आंत असणारीस तो वेळापत्रक असतो. खरें घरगुती सुख लिहावयाचें तर या दोहोंची गांठ घातली पाहिजे. सुख लिहून श्रम गाळले तर लेखन गोड होतें पण खोटें होतें. श्रम लिहून सुख गाळलें तर तेंही तितकेंच खोटें, कारण पहिली कुरडई दोरीसारखी अखंड उतरली कीं करणारीच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें आम्हीं यंदा पाहिलें आहे. मराठींत हे दोन्ही अपुरेपणे विपुल आहेत. त्या निबंधांत दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं, एकमेकींवर आवाज न चढवितां बसल्या होत्या. वाङ्मयदृष्ट्या ही लहान सिद्धि नव्हे.

एक आक्षेप उरतो. देशांत दुष्काळ आहेत, बेकारी आहे, माणसें स्थलांतर करीत आहेत. अशा वेळीं मोगऱ्याच्या कळ्या मोजीत बसणें शोभतें काय? आक्षेप गंभीर आहे. आमचें उत्तर असें कीं, संकट घरांत शिरतें तें याच दारानें. विहीर कितव्या पायरीवर गेली हें फाल्गुनांत प्रथम तिला कळतें जी मोगऱ्याला भांडीं धुतलेलें पाणी घालावें कीं तेंही जपून ठेवावें याचा हिशेब करते. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं खाल्ली. त्या दुष्काळाचे आंकडे नोंदले गेले, भाषणें छापलीं गेलीं. पण त्या पिठाची भाकरी थापतांना हातांस काय वाटलें हें ज्यांना ठाऊक होतें त्यांना तें लिहा असें फारसें कोणीं सांगितलें नाहीं. सांगावें कसें? त्यांनीं लिहिलें असतें तर आमच्यासारख्यानें समासांत "विषय क्षुद्र" असें लिहून तें परत केलें असतें.

टीकाकाराचें काम कोणता विषय थोर व कोणता क्षुद्र याची यादी बाळगणें हें नव्हे. लिहिणाऱ्यानें पाहून लिहिलें आहे कीं ऐकून, आणि पाहतांना कांहीं गाळलें आहे कीं काय, एवढें त्यानें तपासावें. ही कसोटी त्या दिवशीं आम्हीं लावली असती तर बक्षीस कोणास गेलें असतें हें सांगणे नको.

तो निबंध आतां आमच्यापाशीं नाहीं. संस्थेच्या दप्तरांतही त्याचा पत्ता लागला नाहीं. लेखिकेचें नांवही आमच्या स्मरणांत राहिलेलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्हांस खंत वाटते. तिनें पुढें कांहीं लिहिलें कीं त्या शेऱ्यानंतर वही मिटवून ठेवली, हें कळण्यास मार्ग नाहीं. हें मासिक तिच्या घरीं जात असेल, किंवा तिची लेक-सून हें वाचीत असेल, तर आमची विनंति एवढीच कीं, वही कोठें असल्यास शोधावी आणि समासांतला तो शेरा खोडून टाकावा. त्याजागीं लिहावयाचें असेल तर आमच्या वतीनें इतकेंच लिहावें : "परीक्षकानें हें लक्ष देऊन वाचलें नाहीं."